परमुलखातील पेरणी : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

बंगळूरच्या आसपास जे गोठे अजून टिकून आहेत, त्यांच्या दारी हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या उतरताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांत बारीक त्रिदली पानांची, जांभळ्या फुलांची एक पेंढी असते. येथील मंडळी तिला ‘कुदुरे मसाले’ म्हणतात. कुदुरे म्हणजे घोडा. घोड्यांचा आवडता चारा म्हणून हे नाव पडले. पुणे, नगर, नाशिककडील आपला शेतकरी हिलाच लसूणघास म्हणतो, आणि अमेरिकेत ती अल्फाल्फा या नावाने ओळखली जाते. ही वनस्पती मूळची इराण व मध्य आशियाकडची. मुळे खोल जात असल्याने ती कोरड्या हवेत तग धरते, मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र जमिनीत साठवते आणि एकदा पेरली की वारंवार कापूनही पुन्हा फुटते. मात्र परक्या मुलखात तिचे पाय रोवणे सोपे नव्हते. कडाक्याच्या थंडीत ती मरून जाई.

या वनस्पतीच्या इतिहासात वेंडेलिन ग्रिम या साध्या जर्मन शेतकऱ्याचे नाव आदराने घेतले जाते. १८५७ साली बाडेन प्रांतातील आपले गाव सोडून तो बायकामुलांसह अमेरिकेतील मिनेसोटात स्थायिक झाला. जाताना त्याने घरच्या लसूणघासाचे थोडे बी बरोबर नेले होते. तेथील हिवाळ्यात बहुतेक रोपे मेली. जी थोडी जगली, त्यांचेच बी त्याने धरले आणि पुन्हा पेरले. असे वर्षामागून वर्ष चालले. १८९० साली ग्रिम वारला, तोपर्यंत त्याच्या परिसरात थंडीला न डगमगणारा लसूणघास रुजला होता. १९०० च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांचे तिकडे लक्ष गेले, आणि पुढे ‘ग्रिम’ हे वाण अमेरिकेच्या थंड प्रदेशांत सर्वत्र पसरले. काटक वाण म्हणजे काय, याचा धडा या एका गोष्टीत सामावलेला आहे. प्रतिकूल ऋतू सोसून जे उरते त्याचे बी जपायचे, आणि धीर सोडायचा नाही.

घरचे बी उराशी धरून परमुलखात गेलेल्या माणसाची ही गोष्ट आपणा दूरस्थ मराठी कुटुंबांना सहज भावेल. परंतु आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर ती ठेवण्याचे कारण निराळे आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील शेतकी महाविद्यालयांत थंडीला आणि अवर्षणाला तोंड देणाऱ्या पिकांचा शोध ऐन भरात होता, त्याच काळात वर्ध्याचा एक मराठी तरुण ती विद्या शिकण्यासाठी तेथे पोहोचला. लसूणघासाच्या नव्हे, तर मका आणि गहू यांच्या वाणांवर त्याने पुढे आयुष्य वेचले. त्या तरुणाचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ मध्ये वर्धा येथे झाला. बालपण वर्ध्यास आणि पुढील शिक्षण नागपुरास झाले. त्यांच्या शालेय वयातच मध्य प्रांतावर दोन भीषण दुष्काळ ओढवले, पहिला १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. पाऊस नाही, पीक नाही आणि घरात दाणा नाही, अशा अवस्थेत माणसे गावे सोडून निघाली. दुष्काळ हा निसर्गाचा कोप खरा, पण त्याने इतके बळी घ्यावेत यात राज्यकर्त्यांचाही दोष आहे, हे त्या पिढीतील तरुणांना दिसत होते. पांडुरंगाच्या मनात तेव्हापासून दोन विचार बरोबरीने वाढले. देश स्वतंत्र झाला पाहिजे, हा एक. आणि शेतकऱ्याच्या घरात धान्य आले पाहिजे, हा दुसरा. त्यांचे सारे आयुष्य या दोन विचारांच्या ओढीत गेले.

याच सुमारास, १८९९ साली, म्हैसूर संस्थानात राजमातेने बंगळूरजवळील हेब्बाळ येथे शेतीच्या प्रयोगांसाठी तीस एकर जमीन दिली. दुष्काळाने पोळलेल्या त्या काळात शास्त्रीय शेतीची निकड देशात ठिकठिकाणी जाणवू लागली होती. परंतु ज्याला शेतीबरोबर क्रांतीचीही विद्या हवी होती, त्याला देशाबाहेर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या खानखोजे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घर सोडले. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. पदरी पैसा नाही, ओळखपाळख नाही, अशा स्थितीत मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण चालविले. कॅलिफोर्नियातील एका लष्करी विद्यालयात त्यांनी युद्धशास्त्राचे धडे घेतले, आणि ओरेगॉनमधील कॉर्व्हालिस व वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील महाविद्यालयांतून शेतकीचे उच्च शिक्षण घेतले.

पुलमनचा उल्लेख येथे थोड्या विस्ताराने केला पाहिजे. हा भाग गव्हाचा. पाऊस बेताचा आणि हिवाळा कडक. हिवाळी गहू थंडीत मरत असे आणि वसंतात पेरलेल्या गव्हाचा उतारा कमी पडे. विल्यम स्पिलमन नावाच्या तेथील प्राध्यापकाने १८९९ पासून काटक गहू आणि जास्त पिकणारा गहू यांचा संकर करून पाहिला. संकरित पिढ्यांची ओंबी-ओंबी मोजताना त्याच्या ध्यानात आले, की आईबापांचे गुण पुढच्या पिढ्यांत ठराविक प्रमाणात विभागून उतरतात. मेंडेलने पूर्वी शोधलेला आणि जगाने विसरलेला हा नियम स्पिलमनच्या हाती स्वतंत्रपणे लागला होता. खानखोजे पुलमनला गेले, तोवर स्पिलमन तेथून गेला होता. पण ज्या विद्येचा पाया तेथे घातला गेला, तीच त्यांनी आत्मसात केली. गुण निवडता येतात, जोडता येतात आणि पिढ्यान्पिढ्या पक्के करता येतात, ही ती विद्या.

परंतु शेतकीच्या या विद्यार्थ्याला निवांतपणे पुस्तके वाचू देणारा तो काळ नव्हता. पश्चिम किनाऱ्यावरील लाकूड गिरण्यांत आणि शेतमळ्यांत हजारो हिंदी मजूर राबत होते. त्यांत बहुतेक पंजाबी शीख होते आणि अनेकजण माजी सैनिक होते. खानखोजे त्यांच्यात मिसळले. १९१३ मध्ये सोहनसिंग भाकना आणि लाला हरदयाळ यांच्या पुढाकाराने गदर पक्ष उभा राहिला, तेव्हा त्याच्या सशस्त्र विभागाची जबाबदारी खानखोजे यांच्याकडे आली. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे त्यांचे या कार्यातील सहकारी. पहिले महायुद्ध पेटताच गदरचे कार्यकर्ते हिंदुस्थानाकडे निघाले. पिंगळे मायदेशी पोहोचले, मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा आदी साथीदारांबरोबर लाहोरच्या तुरुंगात फासावर चढले.

खानखोजे यांच्या वाट्याला दुसरा मार्ग आला. तुर्कस्तानमार्गे इराणात शिरून बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानच्या सरहद्दीवर धडक मारायची, असा तो बेत होता. नाव पालटून आणि वेश पालटून ते इराणच्या डोंगराळ मुलखात टोळीवाल्यांमध्ये वावरले, इंग्रज फौजेशी झालेल्या चकमकींत जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. बेत मात्र फसला. युद्ध संपले तेव्हा मित्र फासावर गेले होते, पक्ष विस्कळीत झाला होता आणि मायदेशाची दारे बंद झाली होती. या काळात आपण गुप्तपणे हिंदुस्थानात येऊन लोकमान्यांना भेटलो, असे खानखोजे यांनी पुढे सांगितले आहे. १९२० मध्ये लोकमान्य गेले. खानखोजे यांना पुन्हा परदेशाची वाट धरावी लागली. बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांच्या गोटात त्यांनी काही काळ काढला, आणि १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबरच्या शिष्टमंडळातून ते मॉस्कोलाही जाऊन आले.

या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या घरात पोहोचले होते. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या लढ्याला वाहिली, तो फळाला आला नव्हता. घर नव्हते, संसार नव्हता आणि सरकारच्या काळ्या यादीत नाव होते. अशा प्रसंगी माणूस खचतो, किंवा कडवट होतो. खानखोजे यांनी मात्र अंगी असलेली दुसरी विद्या बाहेर काढली. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत दाखल झाले.

मेक्सिको त्या वेळी दहा वर्षांच्या रक्तरंजित क्रांतीतून नुकताच बाहेर पडत होता. जमीनदारांच्या अफाट वाड्या मोडून भूमिहीन शेतकऱ्यांना जमिनी देण्याचे काम सुरू झाले होते. रामोन दे नेग्री यांच्यासारखे, पूर्वी कॅलिफोर्नियात खानखोजे यांच्या परिचयाचे झालेले क्रांतिकारक आता अधिकारपदावर होते. राजधानीजवळ चापिंगो येथील एका जुन्या जमीनदारी वाड्यात याच वर्षी राष्ट्रीय कृषी विद्यालय हलविण्यात आले. तेथे खानखोजे यांना अध्यापनाचे काम मिळाले. स्पॅनिश भाषा त्यांनी आत्मसात केली, आणि वर्ध्याचा हा मराठी माणूस मेक्सिकन शेतकऱ्यांच्या मुलांना वनस्पतिशास्त्र आणि पीक-पैदास शिकवू लागला.

चापिंगोचे हवामान समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. आपले बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. चापिंगो सुमारे २,२५० मीटरवर. पाऊस साधारण जून ते सप्टेंबर. तो उशिरा आला तर पेरणी लांबते, आणि पेरणी लांबली तर कणसे भरण्याच्या आतच थंडीचा कडाका पडून उभे पीक करपते. म्हणजे शेतकरी एका बाजूने अवर्षण आणि दुसऱ्या बाजूने दहिवर यांच्या कात्रीत सापडलेला. ज्याला नुकतीच जमीन मिळाली, त्याच्याजवळ खत नव्हते, पाणी नव्हते आणि भांडवलही नव्हते. त्याला स्वस्तात देता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे चांगले बी.

खानखोजे यांनी मका हाती घेतला. मका हे मेक्सिकोचे केवळ पीक नव्हे. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीला जे स्थान, ते तेथे मक्याच्या तोर्तियाला. मक्याचा तुरा शेंड्यावर आणि कणीस देठाच्या बगलेत असते. तुऱ्यातील पराग वाऱ्याने उडून कणसाच्या केसरांवर पडतो, आणि शेजारच्या शेतातला पराग येऊन वाण बिघडते. म्हणून पैदासकाराला तुरा आणि कणीस दोन्ही पिशव्यांनी झाकून हाताने परागीकरण करावे लागते. प्रत्येक पिढीसाठी एक हंगाम आणि प्रत्येक हंगामात शेकडो ताटांची नोंद, असे हे चिकाटीचे काम असते. मेक्सिकोच्या शेतांच्या कडेला तेओसिंते नावाचे रानगवत उगवते. ते मक्याचे रानटी भावंड. त्याचे दाणे टणक आणि कणसे इवली असतात, पण एका झाडाला अनेक फुटवे येतात आणि अनेक कणसे धरतात. हे रानगवत आणि शेतातला मका यांचा संकर करून खानखोजे यांनी निवड चालविली, आणि एका ताटाला अनेक कणसे धरणारे मक्याचे नवे प्रकार तयार केले. त्यांच्या मक्याच्या नव्या वाणांविषयीची पुस्तिका १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. गव्हातही थंडी आणि अवर्षण सोसणाऱ्या वाणांचे प्रयोग त्यांनी केले. ज्या रानवट झाडाला शेतकरी तण म्हणून उपटून टाकतो, त्याच्याच अंगी पिकाला लागणारा काटकपणा असू शकतो, ही दृष्टी त्यांच्या प्रयोगांच्या मुळाशी होती.

विद्यालयाच्या चार भिंतींत हे ज्ञान कोंडून ठेवणे मात्र त्यांना मानवणारे नव्हते. त्यांनी मेक्सिकन सहकाऱ्यांच्या साहाय्याने गावोगावी मुक्त शेतकी शाळा काढल्या. शेतकरी हेच तेथील विद्यार्थी. बी कसे निवडावे, माती कशी ओळखावी, पीक कसे राखावे आणि आपला संघ कसा बांधावा, हे त्यांना तेथे शिकविले जाई. गदरच्या दिवसांत गिरणीतल्या मजुरांसमोर बोलणारा हा माणूस आता शेताच्या बांधावर उभा राहून बोलत होता. शस्त्र बदलले होते. बाजू तीच होती.

या कामाची जाण मेक्सिकोतील कलावंतांनाही झाली. सुप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे स्नेही होते. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांनी अन्नदानाचे एक चित्र रंगविले असून, त्यातील मेजाच्या मध्यभागी भाकरी वाटणारा पुरुष म्हणजे खानखोजे, असे सांगितले जाते. टीना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीने त्यांच्या मक्याची आणि शेतकी शाळांची छायाचित्रे काढली. वर्ध्याहून निघालेल्या तरुणाला परक्या देशाच्या राजधानीत अन्नदात्याच्या रूपात भिंतीवर स्थान मिळावे, ही घटना आपणा सर्वांना अभिमानास्पद आहे. पण त्याच वेळी हिंदुस्थानात त्यांचे नाव पोलिसांच्या कागदांखेरीज फारसे कोठे नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

१९३६ मध्ये त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन महिलेशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. थोरल्या कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले असून ते २००८ मध्ये प्रकाशित झाले आहे.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ज्या दिवसासाठी घर सोडले होते, तो दिवस खानखोजे यांनी हजारो मैलांवरून पाहिला. आता परत जावे, असे त्यांना वाटले. परंतु इंग्रजांनी तयार केलेली काळी यादी स्वतंत्र भारताच्या कचेऱ्यांतही काही काळ तशीच राहिली होती. ज्याने स्वातंत्र्यासाठी देश सोडला, त्यालाच स्वतंत्र देशात येण्याचा परवाना प्रथम नाकारला गेला. अखेर ही अडचण दूर झाली, आणि १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयक सल्ल्यासाठी नागपुरास आले. सुमारे चार दशकांनी गावाकडचे रस्ते, माणसे आणि बोली त्यांना पुन्हा भेटली. आईवडिलांना जो निरोप देऊन मुलगा गेला होता, तो परतला तेव्हा स्वतःच पिकल्या केसांचा झाला होता. १९५५ मध्ये ते सहकुटुंब कायमचे भारतात आले आणि नागपुरात राहिले. आपल्या क्रांतिकार्याच्या आठवणी त्यांनी मराठीत लिहिल्या. परक्या भाषांत आयुष्य घालवूनही मायबोलीची लेखणी त्यांच्या हातून सुटली नव्हती.

नागपुरातील त्यांची अखेरची वर्षे मोठ्या सन्मानाची गेली, असे म्हणता येणार नाही. मेक्सिकोत त्यांनी जे केले होते, ते जाणणारे येथे थोडे होते. आणि योगायोग असा, की त्याच सुमारास मेक्सिकोतील गव्हाकडे साऱ्या भारताचे डोळे लागले होते. चापिंगोच्या परिसरात १९४० च्या दशकापासून नॉर्मन बोरलॉग आणि त्यांचे सहकारी बुटक्या व तांबेरा-प्रतिकारक गव्हाच्या पैदाशीचे काम करीत होते. त्यांपैकी लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ या वाणांचे सुमारे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ मध्ये मागविले, आणि हरितक्रांतीचा पाया घातला गेला. ते वाण खानखोजे यांचे नव्हते. त्या कामाचे श्रेय ज्यांचे त्यांना दिले पाहिजे. पण ज्या भूमीत ते तयार झाले, तेथे सुधारित बियाण्याने शेतकऱ्याचे दैन्य हटविता येते, हा विश्वास वीस वर्षे आधी ज्यांनी पेरला, त्यांत एक मराठी माणूस होता, हे निःसंशय. बिहारात दुष्काळाचे सावट पसरले असतानाच, २२ जानेवारी १९६७ रोजी, नागपूर येथे खानखोजे यांनी देह ठेवला. दुष्काळात उमललेले जीवन दुष्काळाच्याच छायेत मावळले. पण देशाला पुन्हा तसा दुष्काळ सोसावा लागू नये, याची तयारी तोवर सुरू झाली होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते चापिंगो विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. उशिरा का होईना, मायदेशाने त्यांची आठवण केली, आणि तीही ज्या मातीत त्यांनी घाम गाळला, त्याच मातीत.

आपण बंगळूरच्या मराठी कुटुंबांनी या चरित्रापासून काय घ्यावे? खानखोजे यांना परदेश हा आपखुशीने निवडलेला मुक्काम नव्हता. तो त्यांच्यावर लादलेला होता. आपणांपैकी बहुतेकांना तर नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षण यांनी येथे आणले आहे, आणि गावाची गाडी एका रात्रीत आपल्याला घरी पोहोचविते. तरीही परकेपणाची हुरहूर आपल्याला असते. खानखोजे यांनी ती हुरहूर उराशी बाळगूनही, ज्या भूमीने आसरा दिला तिला आपले सर्वोत्तम ज्ञान दिले, तेथील शेतकऱ्याची भाषा शिकून घेतली, आणि आपली भाषाही सोडली नाही. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे जे साधण्याचा प्रयत्न केला, ते याहून निराळे नाही.

पुढच्या वेळी गोठ्याच्या दारात कुदुरे मसालेची पेंढी दिसली, तर मुलांना तिचे मराठी नाव अवश्य सांगावे. आणि जमल्यास वर्ध्याच्या त्या पांडुरंगाची गोष्टही सांगावी, ज्याने परमुलखात पेरणी केली आणि त्या पिकावर आपला हक्क कधी सांगितला नाही.